तांदळाच्या दाण्याएवढं

३ फेब्रुवारी, सोमवार

पडदा आज दोनदा वर सरकलेला! नोकीचंच काम. खालून डोकं घालतो आणि काचेला नाक लावून बसतो. रस्त्यावरून वर बघणाऱ्या कुणालाही दिसेल: तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काळा कुळकुळीत बोका, डाव्या कानाला चीर. असे बोके जगात पुष्कळ असतील. पण रूडी एकालाच ओळखतो.

ओढून काढला तर माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळले.

घर सोडल्याला आज बारावा दिवस.

ही वही गुड्रुनबाईंची. घरमालकीण. तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता चौऱ्याहत्तर वय आहे, तरी बोलताना वाटतं पाठीमागे अजून चाळीस पोरं बसली आहेत. बस कंपनीच्या जुन्या कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठाच आहे त्यांच्याकडे. म्हणाल्या, "घे. एकटी आहेस, काहीतरी खरडत जा. वार चुकीचे आहेत, ते खोडून लिही." म्हणून खोडून लिहिते आहे.

मग बोक्याकडे वळल्या. "नाव काय ह्याचं?"

"टॉम," मी म्हटलं. आयत्या वेळी दुसरं सुचलं नाही.

"टॉम! ए टॉम!" — नोकीनं कानसुद्धा हलवला नाही.

"बहिरा आहे का गं हा, डोना?"

इथे मी डोना. त्यांनी दोनदा हाक मारली तेव्हा मीही वळून पाहिलं नव्हतं. दोघंही बहिरे!

५ फेब्रुवारी, बुधवार

उणे बावीस. बेकरीतून येताना पापण्यांवर बर्फ धरला. बेकरीचा मालक बरा माणूस आहे — आडनाव विचारत नाही, पाव जळला तरच बोलतो.

आज स्वतःची पाठ थोपटायचा दिवस आहे, म्हणून लिहून ठेवते. मी मागे काहीही ठेवलेलं नाही. केस कापले. गाडी दुसऱ्याच गावच्या बस स्टँडवर सोडली. नोकीच्या पट्ट्याला नावाची पितळी चकती होती, ती पेट्रोल पंपावरच्या कचऱ्यात टाकली. आणि फोन! फोनवर तर मी स्वतःच खूश आहे.

निघाले त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी सासूबाई चर्चच्या तळघरात पेस्टी करायला जातात. गावातल्या सगळ्याच बाया जातात — शेकड्यांनी करंज्याच म्हणायच्या, आत मांस, बटाटा, सलगम. मग चर्चची गाडी त्या खोक्यांतून गावोगाव पोचवते. मी जाता जाता तळघराच्या दारात थांबले आणि माझा फोन एका खोक्यात तळाशी सरकवला. रूडी बायकोचा फोन दिवसभर आपल्या फोनवर बघत असतो, ठिपका कुठे सरकतो ते. त्या दिवशी तो ठिपका तीन गावं फिरला असेल, पेस्टी वाटत!

एकटीच हसले. नोकी दचकून पलंगाखाली गेला.

आता आम्ही दोघं कुणालाही सापडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

गुड्रुनबाई वर आल्या त्या हातात यादी घेऊनच. मांजर सुरक्षित कसं ठेवावं! लिलीची फुलं घरात नकोत, विष असतं. सुईदोरा उघडा टाकू नकोस, गिळतात. कपडे वाळवायचा ड्रायर लावायच्या आधी आत हात घालून बघ, गरम म्हणून जाऊन बसतात. गाडीत गोठू नये म्हणून घालतात ते हिरवं पाणी सांडलेलं असेल तर पुसून घे, गोड लागतं मेलं, एका चाटण्यात मूत्रपिंडं जातात.

मी हो हो करत होते. मग म्हणाल्या, "आणि ह्याच्या गळ्यात पट्टा आहे, पण पट्ट्यावर नंबर कुठाय? उद्या जिन्यावरून निसटला तर कोण ओळखणार कुणाचा ते? चिप तरी बसवली आहेस का?"

चिप!

मी चहाचा कप खाली ठेवला असेन. आठवत नाही. त्या बोलत राहिल्या, "तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली. कुठेही सापडू दे, यंत्र फिरवलं की मालकाचं नाव आणि फोन. लगेच कळवतात. माझ्या बहिणीचं मांजर दोनशे मैलांवरून परत आलं."

त्या गेल्यावर नोकीला मांडीवर घेऊन चाचपून पाहिलं. आहे. बोटाखाली सरकतो तो दाणा.

दोन वर्षांपूर्वी नोकी तीन दिवस हरवला होता. कसा, ते आज लिहीत नाही. परत आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये शनिवारी फुकट चिप बसवणार आहेत." आणि त्याला मासे ठेवायच्या बादलीत घालून, वर गोणपाट टाकून घेऊन गेल्या. कार्ड त्यांनीच भरलं. मी कामावर होते. कुणाचं नाव लिहिलं, कुणाचा नंबर दिला, मी कधी विचारलंच नाही. घर रूडीचं, म्हणजे नाव रूडीचंच असणार.

केस कापले, गाडी सोडली, फोन पेस्टीत टाकला. आणि त्याचा फोन नंबर मांजराच्या कातडीखाली घालून सोबत घेऊन आले. शहाणी!

१० फेब्रुवारी, सोमवार

बेकरीच्या भिंतीवरच्या फोनवरून नोंदणीवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा.

"नाव बदलायचंय? अगदी सोपं आहे, बाई. नोंदीतल्या मालकाची सही लागते, बस."

"मालक कोण लिहिलंय?"

"ते नाही सांगता येणार."

"आणि मालक सही देणार नसेल तर?"

"मग मांजर त्यांचं आहे, बाई."

बेकरीच्या मालकाला पाव जळल्याचा वास आला आणि तो बोलला.

११ फेब्रुवारी

जिन्याच्या दाराला आतून खुर्ची लावायला सुरुवात केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर बेकरीत बदामाच्या आकाराच्या बिस्किटांवर गुलाबी साखर लावत होते. तीनशे बदाम. मनगट ठणकतंय — उजवं, जुनं दुखणं, थंडीत येतंच.

आज लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा निघाले होते. मावसबहिणीकडे, ग्रीन बे शहरात. खिशात फोन, मूर्खासारखा. दुपारपर्यंत रूडी दारात हजर! हातात डोनटचं खोकं. सगळ्यांशी गोड. तिच्या सासऱ्यांची विचारपूस केली, पोरांना उचलून घेतलं. निघताना मला कोट घालायला मागे धरून उभा राहिला. बहीण दारातून म्हणाली, "नशीब काढलंस गं, कोरीन!"

तेवढा रस्ता तो एक शब्द बोलला नाही.

घरी आलो तर नोकी नाही. सकाळी मला आणायला निघताना रूडीनं त्याला पोत्यात घालून खडीच्या खाणीपलीकडे नेऊन सोडला होता. म्हणाला, "तुला शोधायला मला अर्धा दिवस पुरला. आता तू शोध." आणि जेवायला बसला. तिसऱ्या दिवशी नोकी आपला आपण आला. कान फाटलेला, पंजे रक्ताळलेले. रूडीनं त्याच्याकडे बघून मला एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी नदीच्या पलीकडे सोडीन."

म्हणून नोकीला सोबत आणला. लोक म्हणतील पळून जाणारी बाई मांजर कशाला घेते, ओझं! पण त्याला तिथे ठेवून मी कुठेही पोचले नसते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नोकी दारापाशी बसून ओरडतो. भुकेचं ओरडणं वेगळं असतं. हे लांबलचक, घशातून, माणसासारखं ओरडणं आहे. दाराच्या चौकटीचा रंग नखांनी काढला आहे.

गुड्रुनबाई खालून म्हणाल्या, "कंटाळला गं तो! खेळव जरा. एक दोरी घे."

"दोरी गिळतात म्हणालात ना?"

"उलट बोलू नकोस, दोरीला पीस बांध."

तिकडे तो दिवसभर बाहेर असायचा. सासूबाईंच्या पायरीवर उंदीर आणून ठेवायचा, अगदी रांगेत. सॉनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीमागे राखेत जन्मलेला म्हणून त्यांनीच नाव ठेवलं नोकी, त्यांच्या फिनिश भाषेत काजळी. त्यांच्या मागे मागे सॉनाच्या दारापर्यंत जायचा आणि बाहेर वाट बघत बसायचा. बुधवारी माशांची डोकी त्याची.

आणि इथे एक खोली, एक खिडकी, तिलाही पडदा. आज तो दाराकडे धावला तर मी त्याला दोन्ही हातांनी दाबून धरला. खूप जोरात. तो ओरडला आणि मी म्हटलं — तोंडातून आपोआप आलं — "कुठे जाशील? जाशील कुठे?"

हे वाक्य माझं नाही. रूडीचं आहे. त्याच्याच चालीत म्हटलं मी.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. बाहेर आल्यावर नोकी पलंगाखालून निघेना. बरोबर आहे त्याचं.

१८ फेब्रुवारी

बंदरात चार जहाजं बर्फात उभी आहेत. बेकरीच्या मागच्या दारातून दिसतात. मालक म्हणाला, मार्चअखेर सुटतील. त्यांना तारीख तरी आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नोकी आजारी आहे. संध्याकाळी कामावरून आले तर वाळूच्या डब्यात बसलेला. उठला, दोन पावलं गेला, परत जाऊन बसला. असं दहा वेळा तरी. वाळू कोरडी! एकदा एक थेंब, तांबूस. पोटाला हात लावला तर ओरडला. पोट दगडासारखं झालंय.

गुड्रुनबाईंना वर बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं आणि यादी वगैरे सगळं विसरल्या. "बोका आहे ना? लघवी अडकली आहे. हे थांबायचं दुखणं नाही, डोना. दोन दिवसांत जातो. कोट घाल."

मी म्हटलं, "सकाळी बघू."

"सकाळी?"

"रात्रीतून बरा होईल कदाचित."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तोंडात मारली असती तरी चाललं असतं. "हे बघ पोरी, मांजरावर जीव आहे तुझा, हे मला दिसतंय. मग घाबरतेस कशाला? डॉक्टर काय खातात का?"

काय सांगू त्यांना? नवं जनावर आलं की आधी यंत्र फिरवतात. इथली पद्धतच आहे, सगळीकडे. वजन बघतात, ताप बघतात, चिप बघतात. आणि "चिप बघू नका" म्हणणाऱ्या बाईला काय समजतील? चोर!

नाही नेलं तर नोकी मरतो. नेलं तर रूडी येतो, आणि तरीही नोकी मरतो, आणि मी.

सकाळी सहाला नेईन असं सांगून दार लावून घेतलं. एक रात्र मी माझी भीती राखली आणि बिल नोकीच्या नावावर फाडलं. हे मी विसरणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना उघडायच्या आधी दारात उभी होते. टोपलीतून आवाजही येत नव्हता. काउंटरवर डोरीन नावाची बाई, पन्नाशीची, चष्म्याला दोरी. टोपलीत डोकावली आणि फॉर्मबिर्म काही न विचारता त्याला उचलून आत घेऊन धावली. मी काय काय बोलायचं ठरवून आले होते, ते सगळं तोंडातच राहिलं.

तासाभरानं बाहेर आली. "वाचला. पण अगदी काठावर होता हो! मूत्राशय फुटायच्या बेतात. नळी घातली आहे, शनिवारपर्यंत इथेच राहील, हलवायचा नाही." मग फॉर्म पुढे केला. मी लिहिलं, डोना. मांजराचं नाव टॉम. फोनची ओळ कोरी.

तिनं फॉर्म वाचला. चष्मा काढला, परत लावला.

"आत मी त्याला 'नोकी' म्हटलं," ती म्हणाली, "तर गुंगीत असूनही मान उचलली त्यानं."

मी पेनाला टोपण लावलं.

"चिप निघाली, बाई. नोंद हेल्मी कांगास या नावावर आहे. चिप निघाली की नोंदीतल्या मालकाला आम्हाला कळवावं लागतं. मी मघाशी फोन केला. कुणी उचलला नाही, मशीनवर निरोप ठेवला, की तुमचा नोकी आमच्याकडे आहे, डुलुथमध्ये, लघवी अडकली होती, आणि आमचा पत्ता."

हेल्मी कांगास! एक क्षण मला वाटलं सुटले. रूडीचं नाव नाही, सासूबाईंचं आहे! पुढच्या क्षणी ते मशीन डोळ्यांसमोर आलं.

ते मशीन सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आहे, पावाच्या डब्यावर. आणि रूडी रोज पाचला त्यांच्याकडे जेवायला येतो. अंगण ओलांडून येतो, बूट काढायच्या आधी ते बटण दाबतो. माझ्या आधीपासूनची सवय आहे त्याची, आईला कोण फोन करतं ते ऐकायचं. आता तर तो रोज माझ्याच बातमीसाठी दाबत असेल.

आज गुरुवार. सासूबाई पेस्टी करून तीनला घरी येतात. पाचला तो येतो. त्याच्या घरापासून इथे चार तास. म्हणजे रात्री नऊ.

घरी येऊन गुड्रुनबाईंना सगळं सांगितलं. सगळं. नावसुद्धा. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. मग म्हणाल्या, "म्हणजे तू काल रात्री… अगं, मला सांगायचंस!" आणि मग, "कोरीन. बरं. हे नाव तोंडात बसतं तरी."

पोलिसांना कळवू म्हणाल्या. मी म्हटलं, तिकडचा शेरीफचा माणूस रूडीबरोबर हरणाच्या शिकारीला जातो, मी कुठे आहे ते त्याच्या कानावर जायला किती वेळ? "तिकडचा गेला उडत," त्या म्हणाल्या, "इथला पोलीस माझ्या बसमधून शाळेत गेलाय. सहा वर्षं पुढच्या सीटवर बसवला होता मी त्याला, मागे बसला की चावायचा." आणि फोन लावला.

पाच वाजले. आत्ता तो बटण दाबत असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आला नाही.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक पिकअप मोजला. चौदा. गुड्रुनबाई खालच्या खिडकीत बसून होत्या, मांडीवर बर्फाचं फावडं. "दांडगट पोरं मी तेहतीस वर्षं उतरवली आहेत," म्हणाल्या. चावणारा पोलीस — आता टक्कल पडलंय — दोनदा गाडी हळू करून गेला.

सकाळी म्हणाल्या, "माझी बहीण फार्गोला असते. तुला आत्ता सोडते. मांजर मी उद्या घेऊन येते, ही माझी जबान." बॅग भरली, मोजे, वही, सगळं. आणि भरलेल्या बॅगेवर कोट घालून बसून राहिले. तो सरळ दवाखान्यात गेला तर? आईचं नाव सांगितलं की झालं. हसून, डोनटचं खोकं देऊन, टोपली उचलून घेऊन जाईल, आणि तिथल्या बाया दार धरून उभ्या राहतील त्याच्यासाठी. नदीच्या पलीकडे.

कोट काढला. गुड्रुनबाई फावडं घेऊन परत खिडकीत जाऊन बसल्या.

दवाखान्यात फोन केला. नोकी बरा, थोडं खाल्लं. "माझ्याबद्दल कुणी विचारलं का?" डोरीनची आज सुट्टी, दुसऱ्या बाईला काही माहीत नाही.

सारखा एकच विचार. सासूबाईंनी निरोप ऐकला का? तीन ते पाच, दोन तास त्या घरात एकट्या होत्या. ऐकला असेल तर? मला त्यांच्याकडून काहीही आशा नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. मनगट मोडलं तेव्हा त्यांनीच मला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "पायरीवर घसरली. मी स्वतः बघितलं." पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी काही बघितलं नव्हतं, त्या सॉनात होत्या. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि विषय संपला. परतताना गाडीत मला आपले लोकरी हातमोजे दिले, एकावर दुसरा, आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

त्या मुलासाठी खोटं बोलतात. नेहमी. त्यात त्यांचा हातखंडा आहे.

रूडी घाईनं येणारा माणूस नाही. वाट बघायला लावतो. उद्या शनिवार, त्याची सुट्टी. उद्या येईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नोकी मांडीवर आहे. पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन, रागीट चेहरा, अंगाला औषधाचा वास. लिहिता येत नाही नीट, तो वहीवर बसतोय.

गुड्रुनबाई फावडं घेऊनच दवाखान्यात आल्या होत्या. डोरीननं आम्हाला बघितलं आणि एक कागद पुढे केला. मांजराची नोंद नव्या नावावर करायचा. खाली सही: हेल्मी कांगास. काल चर्चच्या फॅक्सवरून आली म्हणाली.

"त्या बाईंचा फोन गुरुवारीच आला होता मला. सव्वातीनला," डोरीन म्हणाली. "म्हणाल्या, तुमची काहीतरी चूक होते आहे. आमचा नोकी जानेवारीत मेला, मी स्वतः खड्डा खणून सॉनामागे पुरला. तुमचा निरोप मी पुसून टाकलाय, आता या नंबरावर पुन्हा फोन करू नका. जे मांजर तुमच्याकडे आहे ते ज्या कुणाचं असेल, त्याच्या नावावर करा, सही मी पाठवते."

तिनं चष्मा काढून पुसला. "माझं माहेर तिकडचंच. जानेवारीत माणूस गेला तरी मे महिन्यापर्यंत पुरता येत नाही, पहार आत जात नाही जमिनीत. पण मी कशाला बोलू?"

मी कागद धरून उभी होते.

"ठेवता ठेवता एवढंच विचारलं त्यांनी," डोरीन म्हणाली, "की लघवी मोकळी झाली का त्याला. मी म्हटलं, झाली. मग ठेवला फोन."